कांजिण्या : अंगावर काढण्याचा आजार नव्हे

महोदय,

‘लहानपणी एकदा कांजिण्या येऊन गेलेल्या बऱ्या’ हा समज सुशिक्षित घरांतही अजून टिकून आहे, याची मला मनापासून चिंता वाटते. बहुतेक मुले आठवडाभरात बरी होतात हे खरे. परंतु हाच विषाणू काहींना न्यूमोनिया किंवा मेंदूची सूज देऊ शकतो. प्रौढांना, गर्भवती स्त्रियांना, नवजात बाळांना आणि कर्करोगासारख्या आजारामुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. शिवाय रुग्ण बरा झाला तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि अनेक वर्षांनी नागीण होऊन उलटू शकतो.

पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरत असल्यामुळे केवळ रुग्णाला वेगळे ठेवून घर वाचत नाही. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये, हे पथ्य तरी पाळावेच; आणि तापासाठी अॅस्पिरिन मुळीच देऊ नये.

खरे संरक्षण लसीचे आहे. जपानमधील मिचिआकी ताकाहाशी यांनी 1970 च्या दशकात ती विकसित केली. पहिली मात्रा साधारणपणे 12 ते 15 महिन्यांच्या वयात, तर दुसरी बहुधा 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान देतात. लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असल्याने गर्भवतींना देता येत नाही. म्हणूनच त्यांच्याभोवतीच्या, कांजिण्या न झालेल्या कुटुंबीयांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती वेळीच घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक