पेटीच्या पुस्तकासाठी आभार

छंदाचं जुनं मराठी पुस्तक एकदा रद्दीत गेलं की गेलंच, पुन्हा छापायला कोण बसलंय! बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, पण इथला पावसाळा आणि कसर कुणाला ऐकत नाहीत. आमच्या वाचनालयातलं पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, दुरुस्तीचं पुस्तक असंच खिळखिळं झालं होतं. खानापूरच्या बाइंडरमामांनी सगळे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) उसवून दोऱ्यानं पुन्हा शिवले, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं. रीडचं, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पट्टीचं, टोक घासलं की सूर चढतो, मूळ घासलं की उतरतो, ते दाखवणारं नेमकं पान फाटलेलं. त्याची झेरॉक्स निपाणीच्या एका कन्नड बाईंनी आपल्या प्रतीवरून आणून दिली. नाव विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे ओ!" दोघांचे मनापासून आभार. पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवलेलं नाही, घरी न्यायला मिळतं.