माशाची बुळबुळ म्हणजे घाण नव्हे

संपादक साहेब,

मासा बुळबुळीत लागला की लोक नाक मुरडतात, पण त्या थरात म्युसिन (चिकटपणा देणारं प्रोटीन), लायसोझाइम (जंतू मारणारं एन्झाइम), अँटिबॉडी (रोगजंतूंशी लढणारी प्रोटीनं) असं बरंच काही असतं आणि माशाच्या अवस्थेप्रमाणे ते बदलतं पण. अ‍ॅमेझॉन नदीतला डिस्कस मासा घ्या, अंडी घातली की आई आणि बाप (हो, बापसुद्धा!) दोघांच्या अंगावरच्या थरात प्रोटीन, अँटिबॉडी वाढतात, पिल्लं पोहायला लागली की अंगाला लुचून तोच थर खातात आणि तीनेक आठवड्यांनी आईबाप त्यांना टाळायला लागतात, अंगावरचं तोडावं तसं. आपल्याकडे हौसेने डिस्कस पाळणाऱ्यांनी निदान कोरड्या हाताने मासा धरू नये, थर निघतो आणि जंतूंना रान मोकळं. आणि पिल्लं लगेच वेगळ्या टँकमध्ये टाकायची एवढी घाई कशाला?

– एक मत्स्यप्रेमी, ठाणे