वेटिंग रूममधल्या काकूंना, ज्यांचं नाव विचारायचं राहिलं

काकू, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण चार दिवस शेजारी बसून तुमचं नाव विचारायचं सुचलं नाही मला, त्यामुळे असं सगळ्यांसमोर लिहिण्याशिवाय दुसरा काही मार्ग नाही. ओळख पटावी म्हणून सांगते, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी वेटिंग रूममध्ये भिंतीकडच्या खुर्चीत जी मुलगी गडद निळी लोकर घेऊन बसायची आणि दर दहा मिनिटांनी उसवायची, ती मी.

मला तेव्हा क्रोशाचा खरंच राग यायला लागला होता. ताईच्या बाळासाठी ब्लँकेट करायला घेतलं होतं, 60 खांबांनी (म्हणजे क्रोशाचे उभे, उंच टाके) सुरुवात केली आणि ते वर जाता जाता आपोआप त्रिकोणी व्हायला लागलं. मी म्हणत होते की माझा हातच वाईट आहे, होतं असं काही लोकांचं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, नुसतं माझ्या हातांकडे बघत होतात (आधी मला वाटलं होतं डोळा लागलाय तुमचा), आणि मग ते ब्लँकेट मांडीवर ओढून घेऊन बोटांनीच चाचपत शेवटची ओळ मोजलीत. 41. किती ओळी झाल्या विचारलंत, मी म्हटलं 20. "मग बरोब्बर आहे, दर ओळीला एक खांब खातेयस तू." बास, एवढंच. मी सहा महिने ज्याला वाईट हात म्हणत होते तो साधा वजाबाकीचा हिशोब निघाला!

म्हणजे व्हायचं काय, की ओळ उलटवली की मी वर चढायला 3 साखळ्या, म्हणजे साखळीच्या कड्यांसारखे 3 टाके, घालायचे, त्या 3 साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब हे मला माहीत होतं, पण परत येताना त्याच साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं, मला ती नुसती कड वाटायची आणि मी तिला सोडून पुढची ओळ सुरू करायचे. तुम्ही पर्समधून सेफ्टी पिना काढल्यात, एक त्या तिसऱ्या साखळीत अडकवलीत आणि एक ओळीच्या शेवटच्या खांबात, आणि म्हणालात पिनेपर्यंत पोचल्याशिवाय वळायचं नाही. त्या दिवसापासून माझी कड सरळ आहे काकू. मी आता टाक्यांत अडकवायचे मार्कर विकत घेतलेत रंगीबेरंगी, पण खरं सांगू, पिनच बरी, निसटत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या घट्ट टाक्यांच्या मागे लागलात. मी टाका क्रोशाच्या सुईच्या अगदी टोकाशी, जिथे ती निमुळती होते ना तिथेच ओढत होते, मग टाका तेवढाच बारीक होणार आणि पुढच्या ओळीला सुई आत शिरायला तयार नाही. टाका जाड भागावर सरकू दे, सुईचा नंबर त्या जाडीवरून ठरतो, टोकावरून नाही, असं तुम्ही म्हणालात. किती साधी गोष्ट आहे, तरी मी तोवर प्रत्येक वेळी मोठी सुई आणत गेले होते. अगदी सुरुवातीच्या साखळ्यांच्या ओळीचं मात्र उलट, तिथे मुद्दाम एक नंबर मोठी सुई घ्यायची, म्हणजे 5 एमएमने विणायचं असेल तर साखळी 6 ने घालायची आणि मग सुई बदलायची, नाहीतर खालची कड आवळली जाते आणि सगळं ब्लँकेट तिथे गोळा होतं. माझं झालेलंच होतं तसं.

आणि साखळी मोजणं! 60 म्हटलं की मी कधी 58 घालायचे, कधी 63. सुईवर असलेला फास मोजायचा नाही हे एक, आणि दर 20 साखळ्यांना एक पिन, म्हणजे कुणी मध्येच हाक मारली तर पहिल्यापासून मोजायला नको. शिवाय तुमची ती थोडी लबाडी, की मोठ्या कामाला पाच-सहा साखळ्या जास्तच घालून ठेवायच्या, उरल्या तर सुरुवातीची गाठ सोडवून त्या टोकाकडून एकेक उसवता येतात, कमी पडल्या तर मात्र रडत बसायचं. ही लबाडी मी आतापर्यंत चार जणींना शिकवलीये.

लोकरीबद्दल तुम्ही मला ओरडलाच होतात जवळजवळ. नवशिक्या मुलीने गडद आणि वर केसाळ लोकर घ्यावी का? टाकेच दिसत नाहीत, आणि उसवायला गेलं तर केस एकमेकांत अडकतात. रंग ताईचा हट्ट होता हो, पण ते केसाळ प्रकरण माझीच हौस. त्यावर तुम्ही तुमचा पांढरा रुमाल माझ्या मांडीवर पसरलात आणि खरंच, पाठीमागे पांढरं आल्यावर निळे टाके सुटे सुटे दिसायला लागले. नवीन काही शिकायचं तर गुळगुळीत, मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर, हे आता मी भिंतीवर लिहून लावायचं बाकी ठेवलंय. गुंड्याचं लेबल फेकायचं नाही हे पण तुमचंच, त्यावर डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो, कमी पडली आणि दुसऱ्या लॉटची आणली तर तोच रंग असूनही मध्येच पट्टा दिसतो. माझ्या ब्लँकेटला आहे तो पट्टा, कारण तुम्ही सांगेपर्यंत लेबल गेलं होतं कचऱ्यात.

एक गोष्ट तर मला अजून हसवते. मी मोबाईलवर एक पॅटर्न बघून टोपी केली होती, ती निम्म्याच उंचीची झालेली, आणि मी म्हणत होते पॅटर्नच चुकीचा. तुम्ही विचारलंत अमेरिकन का ब्रिटिश? मला वाटलं टोपीबद्दल विचारताय! तर अमेरिकेतल्यांचा डबल क्रोशे म्हणजे आपला नेहमीचा खांब, आणि ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे मुका खांब, त्याहून बुटका टाका, नाव एकच आणि उंची वेगळी. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे दिसलं की तो अमेरिकन, कारण ब्रिटिशांत ते नावच नाही. हे एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर माझी ती टोपी माणसाच्या मापाची झाली असती.

गोल विणायचं पण तुम्ही घाईघाईत दाखवलंत, खांबांचं असेल तर पहिल्या फेरीला 12, मग 24, मग 36, दर फेरीला 12 वाढले की सपाट राहतं, कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. मॅजिक रिंगवर (लोकरीचा सैल फास, त्यात खांब घालून मग ओढून बंद करायचा) मात्र आपलं पटलं नाही. तुम्ही म्हणालात कशाला ते नखरे, चार साखळ्या घालून पहिलीतच सगळे खांब घाल. काकू, मी रिंगच करते अजूनही, मधलं भोक अगदी बंद होतं हो त्याने.

टोकं लपवायचं काम मला आवडत नाही आणि आवडणारही नाही. पण 15 सेंटीमीटर तरी टोक ठेवायचं आणि नेढं असलेल्या सुईत ओवून एकदा इकडे, एकदा तिकडे, परत एकदा इकडे असं फिरवायचं, हे करते. आधी मी गाठ मारून कापून टाकायचे आणि दोन धुण्यात गाठ बाहेर.

शेवटचं म्हणजे, तुम्ही दर अर्ध्या तासाने माझ्या हातातलं काम काढून घ्यायचात. चालू फासात पिन अडकवायची म्हणजे उसवणार नाही, आणि मला म्हणायचात जा, बाहेर एक चक्कर मारून ये, मनगट मोकळं कर. मला तेव्हा वाटलं मनगटासाठीच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन बोलून गेल्यावर मी चक्कर मारायला गेले आणि परत आले तर तुम्ही माझी ओळ पुढे विणली नव्हतीत, तशीच पिन लावून ठेवलेली, आणि शेजारची खुर्ची तुमची पर्स ठेवून धरलेली. चार दिवसांत तुम्ही एकदाही माझ्या हातातली सुई घेऊन माझं काम केलं नाहीत. माझ्या आधीच्या शिकवणाऱ्या सगळ्यांनी "दे इकडे" म्हणून करून टाकलं होतं, म्हणूनच मला काही येत नव्हतं बहुतेक.

बाबा बरे आहेत. तुमच्या घरचे कसे आहेत ते मला कळलंच नाही, आम्हाला एकदम सकाळी डिस्चार्ज मिळाला आणि तुम्ही यायच्या आधी आम्ही निघालो. तुमच्या चार पिना आणि रुमाल माझ्याकडेच आहे, धुऊन ठेवलाय.

आणि हो, कडेच्या शंखांचं (एकाच जागी पंख्यासारखे घातलेले खांब) कोपऱ्यात काय करायचं ते तुम्ही उद्या दाखवते म्हणाला होतात. सरळ कडेला मी 5 खांबांचा शंख घातलाय, कोपऱ्यात अंदाजाने 7 घातले, तीन कोपरे ठीक आहेत पण चौथा जरा ओढल्यासारखा दिसतोय. तुम्ही किती घालता?

तुमची,
निळ्या लोकरवाली