घड्याळं बदला, पण सगळे एकाच दिवशी बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च आला की डेलाइट सेव्हिंगवर, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी परत मागे करण्यावर, तेच ते सुरू होतं, झोप मोडते, वीज वाचते की नाही वाचत, पहिल्या महायुद्धात जर्मनीने १९१६ साली हे सुरू केलं वगैरे. ते सगळं ठीक आहे, पण खरा ताप घड्याळ बदलण्याचा नाहीच मुळी, प्रत्येक देश आपापल्या मर्जीच्या तारखेला बदलतो त्याचा आहे.

अमेरिका २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तास. आता दर आठवड्याची मीटिंग न्यूयॉर्कवाल्याने सकाळी ११ ला लावली असेल तर लंडनला ती ४ ऐवजी ३ वाजता येऊन आदळते, आणि तीच लंडनवाल्याने लावली असेल तर न्यूयॉर्कला १२ वाजता, म्हणजे कॅलेंडरमध्ये कोणाच्या नावावर आहे त्यावर कोणाची दुपार बिघडणार ते ठरतं. ज्या देशात घड्याळाला कोणी हातही लावत नाही तिथल्या लोकांना तर दोन्हीकडचं बघावं लागतं, वर ‘तुमचं बरंय बाबा’ हेही ऐकावं लागतं! ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा एक आठवडा हाच गोंधळ. सिडनीचं तर सगळं उलट, लंडन पुढे जातं तेव्हा ते मागे येतं, तेही वेगळ्या रविवारी, आणि शेजारच्या राज्यातलं ब्रिस्बेन जागचं हलतच नाही.

सॉफ्टवेअर सांभाळून घेईल म्हणणाऱ्यांनी २०२३ चं लेबनॉन आठवावं. घड्याळ पुढे करायला दोन-तीन दिवस राहिले असताना सरकारने सांगितलं की आता रमझान संपेपर्यंत थांबू, तिथल्या ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट चर्चने ते मानलं नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालू! मोबाइल बिचारे आधीच्या नियमाप्रमाणे आपोआप पुढे गेले, मग लोक एकमेकांना विचारत बसले की तुझे आठ कुठले. शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली.

बंदच करा म्हणणं सोपं आहे. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मतदान करून २०२१ पासून बंद करायचं म्हटलं होतं, पण सदस्य देशांचं काही जमलं नाही. अमेरिकन सिनेटने २०२२ मध्ये कायमची उन्हाळी वेळ मंजूर केली, ती संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, अडकली. त्यामुळे मी तरी बंद होण्याची वाट बघत नाही. निदान अमेरिका आणि युरोपने तारखा तरी एक कराव्यात, आणि कुठल्याही सरकारला नियम बदलायचा असेल तर वर्षभर आधी सांगावं, ऐन वेळी नाही.

तोवर ऑफिसवाल्यांना एकच विनंती, जुलैच्या मीटिंगच्या मेलमध्ये ‘ईएसटी’ (अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळी वेळ) लिहू नका हो, सरळ ‘न्यूयॉर्कची वेळ’ लिहा. जुलैमध्ये न्यूयॉर्कात ईएसटी चालूच नसते, आणि एखादा प्रामाणिकपणे तसाच हिशोब करून तासभर उशिरा येतो, वर बोलणीही तोच खातो.

आपला,
एक वाचक