मुक्ताच्या ग्रीकविषयी

अथेन्स

ती. दादा व सौ. वहिनी यांस कृ. सा. न. वि. वि.

चि. मुक्ताने ग्रीक शिकावे की नाही, असे तुम्ही विचारलेत. शिकावे, असेच मी म्हणेन; मात्र कोणती ग्रीक, हे तिने आधी ठरवावे, कारण प्लेटोची ग्रीक आणि इथल्या भाजीबाजारातली ग्रीक एकाच लिपीत लिहिली जात असली, तरी मधल्या सुमारे २४०० वर्षांत द्विवचन, चतुर्थी आणि तुमन्त (संस्कृतातल्या 'कर्तुम्'सारखे रूप) ही तिन्ही बोलण्यातून नाहीशी झाली आहेत. उच्चार तर पार बदलले. ईटा, योटा, उप्सिलॉन ही अक्षरे आणि काही जोडस्वर आज सगळेच 'ई' झाल्यामुळे शुद्धलेखन इथल्या शाळकरी मुलांनाही छळते. फी, थीटा आणि खी ही अक्षरे मात्र प्राचीन काळी जवळजवळ आपल्या फ, थ, ख यांसारखी उच्चारली जात. हा जुना उच्चार मुक्ताच्या जिभेवर आहेच, शिवाय शाळेत संस्कृत झाल्याने विभक्तींचीही तिला धास्ती वाटणार नाही. इथले माझे मित्र आधुनिक भाषेपासून सुरुवात करायला सांगतात. मुक्ताच्या बाबतीत मी उलट सांगेन. इथे येऊन राहायचे ठरले, तर आजची भाषा तिला वेगळी शिकावी लागेल, एवढे ध्यानात ठेवावे.

या अंतरापायी इथे रक्तही सांडले आहे. ग्रीसच्या स्वातंत्र्यानंतर राज्यकारभारात 'काथारेवुसा' ही प्राचीन वळणाची, घडवलेली भाषा चाले आणि लोक बोलत ती 'दिमोतिकी'. १९०१ साली एका वृत्तपत्राने बायबलमधले शुभवर्तमान बोलभाषेत छापायला घेताच अथेन्समध्ये दंगल उसळली, आठ माणसे मेली आणि सरकारला जावे लागले. (आपल्याकडे १९६२ मध्ये अनुच्चारित अनुस्वार गेले, ते निदान कुरकुरीवर भागले.) लष्करी राजवट संपल्यावर, १९७६ मध्ये, दिमोतिकी शिक्षणाची भाषा ठरली आणि १९८२ मध्ये स्वरांवरच्या अनेक चिन्हांऐवजी एकच आघातचिन्ह राहिले.

कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे लेख आहेत म्हणून तिला ही ओढ लागली असेल, तर ते लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत, तिथे ग्रीकचा उपयोग नाही, हे तिला स्पष्ट सांगा. अशोकाचा कंदहार येथील लेख मात्र ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. प्राचीन भाषेचे व्याकरण एकदा पक्के झाले की तो लहानसा ग्रीक मजकूर तिला लावता येईल.

लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
धाकटा भाऊ