मानशीची फळी कुणी उघडी धरली?

आदरणीय भाई,

कादंबरी छपाईला गेली. ऋणनिर्देशात नाव घालू नका, असं तुम्ही बजावलंत. म्हणून हे जाहीर पत्रही बिननावाचंच. पण गोव्यातल्या निबंधक कार्यालयात जन्म काढलेल्या आणि मानशीच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, शेजारी घर असलेल्या माणसाने एका रहस्यकथेचं काय केलं, ते वाचकांना कळलं पाहिजे.

खर्ड्यात थोरला भाऊ जुलैतल्या एका रात्री नदीत पडतो आणि सकाळी बांधाच्या आत, खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीतल्या, पाण्यात सापडतो. तिथे तुम्ही समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलंत : ‘फळी कुणी धरली?’ मानशीच्या लाकडी फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलून उघडतं. नदीत पडलेला माणूस भरतीबरोबर आत येईलच कसा? उलट आत पडलेला ओहोटीला बाहेर जाईल आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकेल. नदीतून आत यायचा, तर कुणीतरी फळी मुद्दाम उघडी ठेवलेली हवी. आम्ही चूक समजून प्रेत बांधाबाहेर हलवायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, हलवू नका, तुमचं रहस्य तिथेच आहे.

मग महिना बदलायला लावलात, तेही बरोबर. जुलैत खाजनात भात उभं असतं. कोरगुटाला, म्हणजे खाजनातल्या भाताला, खारेपणा सोसवतो हे खरं, तरी कोवळ्या रोपांवर रात्रभर खारं पाणी चढलं तर ती करपतात आणि अख्खा वाडा जाब विचारायला दारात येतो. असा गुन्हा आठवडाभरही लपायचा नाही. कापणी झाल्यावर मात्र मासळीसाठी, सुंगटांसाठी म्हणजे कोळंबीसाठी पाणी आत घेतलंच जातं. म्हणून मृत्यू डिसेंबर १९८३ मध्ये गेला. त्या दिवसांत उघड्या फळीकडे कोण बघतो? बावीस वर्षं कुणी बघितलं नाही.

आईची जबानी तर तुम्ही बोटांवर मोजून सोडवलीत. ती म्हणते, ‘रात्री नऊला पाणी भरलेलं होतं, फळीचा आवाज मी ऐकला.’ दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. नऊची भरती जत्रेच्या रात्रीची. मृत्यू त्यानंतर चार दिवसांनी, म्हणजे त्या रात्री पाणी भरायला सव्वाबारा तरी वाजले असणार. आई खोटं बोलत नाही. तिने दोन रात्रींची एक रात्र करून टाकली आहे. आठवण पेटीतून काढल्यासारखी जशीच्या तशी निघत नाही, दर खेपेला नव्याने जुळवली जाते, हे बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं आणि आम्हालाही ठाऊक होतं. आमच्याकडे नव्हती ती तपासायची फूटपट्टी. घरातले सगळेच धूसर बोलत राहिले, तर वाचक रहस्य शोधत नाही, कंटाळतो.

कागदांबाबत आम्ही अधिक अडाणी होतो. वडील मृत्युपत्र करून एका मुलाला वाऱ्यावर सोडतात, हे इतरत्र खपतं. गोव्यात अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीवच. कायद्याने नेमून दिलेल्या कारणांखेरीज मुलाचा तो वाटा मारता येत नाही. मग एखाद्याला वगळायचं असेल तर वाट एकच : तो आहे हेच सांगायचं नाही. इन्व्हेंटरीत, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटण्याच्या कोर्टातल्या कारवाईत, वारसांची यादी शपथेवर देणारा ‘कबेसा द कासाल’ बहुधा हयात जोडीदारच असतो. इथे ती आई. जत्रेची रात्र चुकणारी हीच बाई वारस मोजताना मात्र चुकत नाही, आणि एक नाव गाळते. आमच्या मते कादंबरीतला सगळ्यात भीतिदायक प्रसंग हाच, आणि त्यात घडतं काय, तर एक सही.

ते नाव सापडतं कुठे, हेही तुमचंच. घरातली धाकटी मुलगी आधी जन्मदाखल्याचा साधा उतारा काढते. त्यात काही नाही. मग ‘तेओर’ म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल मागते, आणि समासात नंतर चढवलेला शेरा दिसतो : बापाने मुलाला आपलं म्हणून मान्य केल्याचा. नोंद १९५८ ची, म्हणजे पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेली. आमची नायिका ती घडाघडा वाचत होती! आता ती भाषांतरकाराकडे जाते, आणि पुस्तकात एक माणूस वाढला.

तो भाषांतरकार अपराधी निघावा, असा तुमचा हट्ट होता. तेवढं ऐकलं नाही, रागावू नका. बाहेरच्या माणसावर ढकललं की घरातले सगळे सुटतात.

राहता राहिली ‘पहिली सही, दुसरी सही’, म्हणजे गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी वेगवेगळ्या दिवशी कराव्या लागणाऱ्या दोन सह्या. लग्नाची पहिली सही होऊन दुसरी न झालेलं जोडपं तुम्ही सुचवलंत. या कथेत त्याला जागा नव्हती, पण टिपण जपून ठेवलं आहे.

प्रत घेऊन चतुर्थीच्या आधी घरी येतो. पेन्सिल टोकदार करून ठेवा. सव्वाबाराच्या भरतीनंतर ओहोटी लागून पाणी उतरायला लागतं आणि प्रेत पहाटे सापडतं. तेवढ्या वेळात ते बाहेर ओढलं का गेलं नाही, याचं उत्तर आम्ही नवव्या प्रकरणात दिलंय. ते पटतं का, तेवढं बघा.

तुमचे,
दोघे लेखक