रायटिंग सेंटरच्या ट्यूटरांचे आभार

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, टेबलापलीकडे बसणाऱ्या, प्रबंधात कुठेही नाव न येणाऱ्या ट्यूटरांनो, मनापासून आभार.

तुम्ही आधी असाइनमेंटचा कागद मागता, मग मसुदा. व्याकरण शेवटी. बरोबरच आहे, जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा, त्यातल्या स्पेलिंगवर अर्धा तास कशाला घालवायचा? प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात एका ओळीत लिहायला लावता. ओळ जमत नसेल तर आत दोन मुद्दे कोंबलेले असतात. दोन ओळी सारख्याच निघाल्या तर पुनरुक्ती. मराठी मुलांचं इंग्रजीतलं ‘द’ (the) आणि ‘अ’ (a) हमखास चुकतं. ती चूक तुम्ही पहिल्या पानावर दाखवता, पुढच्या पानांवरची त्यांनाच शोधायला लावता. संदर्भाच्या पुस्तकातल्या मूळ वाक्यातले चार शब्द बदलले की काम झालं, असं मानणाऱ्यांना पुस्तक मिटून लिहायला आणि मग ताडून पाहायला सांगता.

‘प्रूफरीडिंग करून देत नाहीत’ अशी कुरकूर होतेच. होऊ द्या!

पर्ड्यू विद्यापीठाच्या रायटिंग लॅबचं संकेतस्थळ १९९०च्या दशकापासून सांभाळणाऱ्यांचेही आभार. एपीए, एमएलए या संदर्भ देण्याच्या पद्धतींचे नियम पुण्या-मुंबईतले विद्यार्थीही तिथेच फुकटात पाहतात.